गोल कमी, तरी सामना खिशात

वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नला शिकतो आणि दर शनिवारी तिथल्या हौशी लीगमध्ये खेळतो. त्याने निकाल पाठवला : आमचे ११.१५ (८१), त्यांचे १२.८ (८०). समोरच्यांचे गोल जास्त, तरी हे जिंकले कसे? शेजारी ३.२, ५.७, ७.१२, ११.१५ असे आकडे आहेत, त्यांची बेरीजही जुळत नाही.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : टिंबाच्या आधी गोल, टिंबानंतर ‘बिहाइंड’ आणि कंसात एकूण गुण, असा हा हिशोब आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू कुणाचा हात न लागता गेला, तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधूनच पण कुणाच्या बोटाला लागून गेला, तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. आता मांडून बघा. ११ गुणिले ६ म्हणजे ६६, अधिक १५, झाले ८१. समोरच्यांचे ७२ अधिक ८, म्हणजे ८०. तुमच्या भाच्याच्या संघाने २६ वेळा खाते हलवले, त्यांनी २० वेळा. नेमबाजी यांची वाईट, पण चेंडू जास्त वेळ समोरच्यांच्या दारात राहिला, आणि त्याचीच मजुरी मिळाली. आपल्याकडे चेंडू खांबाबाहेरून गेला की स्टेडियमभर नुसता ‘अरेरे’ होतो. तिथे त्या अरेरेलाही एक गुण आहे.

ती ओळ चार क्वार्टरांची आहे, पण आकडे चढते आहेत, म्हणजे मागचे धरून पुढचे. तिची बेरीज करायचीच नाही. एका क्वार्टरचे गुण हवे असतील तर मागचा आकडा वजा करा. तिसरा क्वार्टर ७.१२ वजा ५.७, म्हणजे २.५, गुण १७. चौथा ४.३, गुण २७. सामना तिथेच फिरलेला दिसतो.

प्रश्न : हाच भाचा ‘डिव्हिजन वन’मध्ये खेळतो असे सांगतो. म्हणजे अव्वल गट ना? आणि मानधन किती मिळत असेल?

उत्तर : मानधन शून्य. मेलबर्नची व्हिक्टोरियन ॲमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन १८९२ साली सुरू झाली आणि खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत हाच तिचा पाया आहे. उलट मोसमाची वर्गणी खेळाडूच भरतो. आपल्याकडे संघ पेठेचा आणि तालमीचा, तसा तिथे बऱ्याचदा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा किंवा विद्यापीठाचा. ओल्ड झेवेरियन्स, युनिव्हर्सिटी ब्लूज ही नावे त्यातूनच आली.

अव्वल गट मात्र नव्हे. तिथली उतरंड प्रीमियर, प्रीमियर बी, प्रीमियर सी आणि मग डिव्हिजन वन अशी आहे. भाचा वरून चौथ्या पायरीवर आहे. कमी लेखू नका. पण ॲडलेडच्या हौशी लीगमधला डिव्हिजन वन म्हणजे खरोखर पहिली पायरी. नाव एकच, पायऱ्या वेगळ्या. गावात फ्लेक्स लावायच्या आधी शहर कोणते ते विचारून घ्यावे.

प्रश्न : गुणतक्त्यात दोन संघांचे विजय सारखे आहेत. एकाने १,२०० गुण केले आणि १,००० दिले, फरक २००. दुसऱ्याने १,६५० केले, १,४०० दिले, फरक २५०. तरी दुसरा खाली! गोलफरकाचा नियम तिथे नाही का? आणि ॲडलेडच्या तक्त्यात सगळ्यांची टक्केवारी साठच्या आत कशी?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : नाही. तिथे वजाबाकी करत नाहीत, भागाकार करतात. केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले १००. पहिल्याचे १२०.००, दुसऱ्याचे ११७.८६. विजयाला ४ गुण, बरोबरीला २, आणि ते सारखे झाले की ही टक्केवारी.

भागाकारामुळे खेळण्याची पद्धतच बदलते. पहिल्या संघाने आणखी एक गोल केला असता, तर १,२०६ भागिले १,०००, म्हणजे १२०.६०. त्याऐवजी एक गोल अडवला असता, तर १,२०० भागिले ९९४, म्हणजे १२०.७२. टक्केवारी शंभराच्या वर असलेल्या संघाला केलेल्या गोलापेक्षा अडवलेला गोल जास्त मोलाचा ठरतो. शंभराच्या खाली असलेल्याचे नेमके उलटे. त्याने गोल करत सुटावे. म्हणून वरच्या चारांत, म्हणजे बाद फेरीत, घुसण्याच्या बेतातला संघ शेवटच्या क्वार्टरला ४० गुणांनी मागे असला तरी एक आक्रमक मागे खेचतो. प्रेक्षकाला वाटते, यांनी हात टेकले. ते हात टेकणे नसते, मोसमाअखेरची टक्केवारी आत्ताच वाचवणे असते. आपल्याकडे ०-३ झाल्यावर पाय ओढत खेळणारी पोरे तिथे दोन शनिवारांत राखीव संघात जातील.

ॲडलेडचे सूत्र निराळे आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात केलेले गुण भागिले केलेले अधिक दिलेले असा हिशोब चालतो, म्हणून शंभर कुणाचेच होत नाहीत. तिथला ५० म्हणजे मेलबर्नचा १००. तुमचे दोन संघ तिथे ५४.५५ आणि ५४.१० दिसतील. क्रम तोच राहतो, कितीही संघ घ्या. विजयाचे गुणही तिथे ४ ऐवजी २ असतात. दोन शहरांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करू नये, एवढेच.

प्रश्न : पहिला आलेला संघच विजेता का नाही? परत ‘फायनल्स’ कशाला?

उत्तर : कारण एप्रिल ते ऑगस्टचे साखळी सामने फक्त जागा ठरवतात. हौशी गटांत बहुधा पहिले चार पुढे जातात. तिसरा विरुद्ध चौथा : हरला तो घरी. पहिला विरुद्ध दुसरा : जिंकला तो थेट ग्रँड फायनलला, म्हणजे अंतिम सामन्याला, हरला त्याला आणखी एक संधी, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यातल्या विजेत्याशी प्रिलिमिनरी फायनल. ओळखीचे वाटते ना? आयपीएलमध्ये २०११ पासून क्वालिफायर आणि एलिमिनेटर म्हणून आपण हेच बघतो. मेलबर्नच्या मोठ्या लीगमध्ये ही पद्धत १९३१ साली आली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात त्यामुळे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरा एक सामना जिंकून ग्रँड फायनल गाठू शकतो, तिसऱ्याला दोन जिंकावेच लागतात, हरायची मुभा नाही. आणि ते अंतर कित्येकदा टक्केवारीतल्या टिंबानंतरच्या आकड्याने पडते.

दोन गोष्टींत नवे क्लब फसतात. फायनल्समध्ये उतरायला खेळाडूने त्या मोसमात ठरावीक सामने खेळलेले लागतात. ऐनवेळी आणलेला तगडा पाहुणा चालत नाही. आणि मुख्य संघात सतत खेळलेल्याला राखीव संघाच्या फायनलसाठी खाली उतरवता येत नाही. संख्या लीगनुसार बदलते, मोसमाचे नियमपत्रक आधी वाचायचे.

प्रश्न : आमच्या तालमीतली पोरे अंगाने दणकट आहेत. या खेळात अंगाला अंग भिडते म्हणतात. कुस्तीवाला चालेल का?

उत्तर : खांदा चालेल, डाव चालणार नाहीत. पकड फक्त चेंडू हातात असलेल्याला, आणि तीही खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर. म्हणजे पट काढायला खाली वाकून पिंढरीला हात घातला की समोरच्याला फ्री किक. मान धरली, फ्री किक. मागून पाठीवर ढकलले, फ्री किक. ढाक मारल्यासारखे दोन्ही हात जखडून फिरवून आपटले तर प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाते, कारण हात अडकलेला माणूस डोक्यावर पडतो. समोरून किंवा बाजूने, कमरेला मिठी घालून, त्याचा चेंडूवाला हात दाबून धरणे ही खरी पकड. चेंडू सोडायची संधी असूनही त्याने सोडला नाही, तर चेंडू तुमचा.

डोक्याला मार लागून भोवळ आली, नजर थिजली, तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचे नाही. तिथल्या हौशी खेळात त्यानंतर किमान २१ दिवस सामना बंद. पोर म्हणेल मी ठीक आहे, ऐकू नका.

कुस्तीवाल्यापेक्षा फुटबॉलवाल्याची एक अडचण मोठी : या खेळात ऑफसाइड नाही. बचावपटू सवयीने पुढे सरकून रेघ धरतो, आणि त्याच्या पाठीमागे एकटा उभा असलेला आक्रमक आरामात चेंडू झेलतो. १५ मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक स्वच्छ झेलली की तो ‘मार्क’. मग त्याला कुणी हात लावायचा नाही.

प्रश्न : भावाने तिकडून या खेळाचा लंबगोल चेंडू आणला. पंक्चरवाल्याकडून हवा भरली. आता टोके गोलसर झालीत आणि मारला की कुठेही वळतो.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : हवा जास्त झाली. या चेंडूला ६२ ते ७६ किलोपास्कल लागते, म्हणजे ९ ते ११ पीएसआय. पंक्चरवाल्याचे मीटर टायरसाठी असते, त्यावर १० चा आकडा तळाशी कुठेतरी. तो अंदाजाने भरतो. सुईचा हातपंप वापरा, सुई पाण्याने ओली करून घाला. खोबरेल नको, रबर मऊ पडते. मग शिंप्याची टेप घेऊन पोटाभोवती आडवी गुंडाळा : ५४.५ ते ५५.५ सेंटिमीटर यायला हवे. लांबीकडून गुंडाळली तर ७२ ते ७३. हवा योग्य ठेवूनही पोट ५६च्या वर भरत असेल तर कातडे ताणले गेले. तो चेंडू आता सरावापुरता.

वळण्यात तुमच्या पायाचाही हात असणार. चेंडू उभा धरा, बोटे दोन्ही कडांवर पसरलेली, वरचे टोक जरासे स्वतःकडे. उजव्या पायाने मारणार असाल तर उजव्या हातानेच खाली सोडा, मांडीच्या रेषेत, आणि हात शक्य तितका खाली नेऊन सोडा. छातीपासून टाकलात तर पायाला लागेपर्यंत वारा त्याला आडवा करतो. पायाचा पंजा ताठ ठेवून खालच्या टोकावर मारायचे. बरोबर बसली तर चेंडू टोकावरून टोकावर, उलटा फिरत जातो. आडवा भिरभिरला, तर चूक पायात नाही, सोडणाऱ्या हातात शोधा.

प्रश्न : कॉलेजच्या आठ संघांची छोटी लीग दोन गटांत घ्यायची आहे. एकच फुटबॉल मैदान मिळेल.

उत्तर : पूर्ण खेळाचा नाद सोडा. त्याला १८-१८ खेळाडू आणि १३५ ते १८५ मीटर लांब, ११० ते १५५ मीटर रुंद लंबगोल मैदान लागते. नऊ-नऊचा, पकडीऐवजी स्पर्शाचा प्रकार घ्या; १०० बाय ५० मीटरमध्ये तो बसतो. चौदा जणांचा संघ पुरे.

चार-चारचे दोन गट, एक वरचा, एक खालचा; गटातल्या प्रत्येकाशी दोनदा. एका संघाचे ६ सामने, गटाचे १२, एकूण २४. रविवारी दोन सामने धरले तर बारा रविवार. पाऊस उघडल्यावर, दसऱ्यानंतर सुरू करा. उशीर केलात तर शाहू स्टेडियमचा फुटबॉल हंगाम सुरू होतो आणि तुमची निम्मी पोरे पेठेच्या संघाकडे पळतात. चार संघांच्या गटात चौघांच्या फायनल्स ठेवू नका, साखळीला अर्थच उरत नाही. पहिल्या दोघांची एकच फायनल, आणि वरच्या गटातला शेवटचा खाली, खालच्यातला पहिला वर.

खांब बांबूचे चालतील : मधले दोन ६ मीटर, बाजूचे ३ मीटर उंच, प्रत्येक फट ६.४ मीटर. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर असतो, म्हणून त्याच्याच खांबांना बाजूचे बांबू लावून भागवू नका. लोखंडी आडव्या दांडीखालून की वरून यावर भांडणे होतात. बांबूला खालून डोक्याच्या वरपर्यंत जाड फोम गुंडाळा.

गुणलेखक दोन, दोन्ही संघांचा एकेक, शेजारी बसवलेले. प्रत्येक क्वार्टरनंतर वह्या ताडायच्या, सामन्यानंतर नव्हे. आणि एक्सेलमध्ये ५.१० असे एका चौकोनात लिहू नका. संगणक त्याचे ५.१ करतो, ४० गुणांचे ३१ होतात, आणि त्यावर टक्केवारी काढली की कुणीतरी उगाच खालच्या गटात जातो. गोलांचा रकाना वेगळा, बिहाइंडचा वेगळा.

प्रश्न : मेलबर्नचा दुपारी दोनचा सामना आपल्याकडे किती वाजता?

उत्तर : सकाळी साडेनऊ. ॲडलेडचा असेल तर दहा.