अमेरिकेत दुसऱ्या राज्यातील खासगी विक्रेत्याकडून ऑनलाइन बंदूक घेणे
टेक्सासमध्ये राहून ओहायोतील खासगी विक्रेत्याकडून बंदूक थेट घरी मागवता येते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार ती आपल्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे यावी लागते, आणि तेथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून पार्श्वभूमी तपासणी पार पडल्यावरच आपल्या हाती येते. म्हणून पैसे देण्याआधी त्या दुकानदाराशी स्वतः बोलावे. त्याला टाळू पाहणाऱ्या किंवा गिफ्ट कार्डाने पैसे मागणाऱ्या विक्रेत्याशी, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी, व्यवहार तेथेच थांबवावा. एच-१बी व्हिसावरील मराठी मंडळींना तर, वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसल्यास, बंदूक बाळगणे हाच मुळात संघराज्य कायद्याखाली गुन्हा ठरतो.