वाचक विचारतात: जुन्या इटालियन सायकलला नवे पार्ट कुठे लावायचे, कुठे नाही

काकांची १९८२ सालची इटालियन स्टील रेसिंग सायकल माझ्याकडे आलीय. हँडल आणि स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) दोन्ही ओरिजिनल, चिनेल्ली या इटालियन कंपनीचे, अजून चकचकीत. मित्र म्हणतात रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती, घे आणि बदल, माझं मन होत नाही. जुनंच ठेवलं तर काय बिघडतं?

मन होत नाही हे मला अगदी पटतं, तरीही सांगतो, चालवणार असाल तर हे दोन पार्ट बदलाच आणि जुने कापडात गुंडाळून जपून ठेवा. स्टीलचं असं असतं की ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते वर्षानुवर्षं झेलत राहतं, ॲल्युमिनियमला मात्र तशी सुरक्षित मर्यादाच नसते, प्रत्येक खड्डा, चढावर उभं राहून मारलेली प्रत्येक ओढ आत जमा होत जाते आणि वरून काहीच कळत नाही. त्यात हँडलच्या टेपखाली इतक्या वर्षांचा घाम मुरलेला. टेप सोडवून बघा, पांढरी पावडर आणि सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर ते हँडल रस्त्यावर न्यायचंच नाही. स्टेमची हँडल पकडणारी गोल कॉलर असते ना, तिथे बोल्टजवळ टॉर्च तिरका धरून बघा, केसाएवढी काळी रेघ दिसली आणि तिच्यावरून नख फिरवताना अडकलं तर तो तडा समजा.

हँडल चालता चालता तुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही हो, माणूस थेट तोंडावर पडतो. म्हणून माझा नियम एकच, ज्या पार्टवर तुमचं वजन आणि जीव आहे तो नवा, ज्याच्यावर फक्त डोळे ठरतात तो जुना.

आता बदलताना जिथे सगळे फसतात ते सांगतो, मीही फसलोय. जुन्या चिनेल्लीचा हँडल पकडायचा व्यास २६.४ मिमी. नंतर कंपनी २६.० वर आली, आजही जुन्या धाटणीचे बरेच रोड हँडल २६.० चेच असतात, आणि जुन्या इतर इटालियन मेकमध्ये २५.४, २५.८ असंही सापडतं. मी एकदा जुन्या २६.४ च्या स्टेममध्ये नवं हँडल बसवलं, विकणाऱ्याने नुसतं "२६" लिहिलेलं आणि मी विश्वास ठेवला. बोल्ट आवळला, बसलं छान, पण पहिल्याच चढावर कर्र कर्र सुरू, घरी येऊन अजून आवळला, पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशी ब्रेक दाबताना अख्खं हँडल खाली फिरलं. ०.४ मिमी म्हणजे जाड कागदाएवढी फट, पण ती बोल्टने मिटवायला गेलात तर कॉलरच वाकते आणि तडा तिथूनच सुरू होतो. पत्र्याची पट्टी घालून काम भागवतात लोक, मी नाही सांगणार. हँडल आणि स्टेम जोडीनेच घ्या, आणि घेतल्यावर स्वतः व्हर्नियरने मापा.

लोगोवरही जाऊ नका. ढालीसारखा जुना बिल्ला म्हणजे साधारण १९७९ च्या आधीचा माल, पंखवाला "सी" म्हणजे नंतरचा, हे जुन्या पार्टसाठी ठीक, पण रीइश्यूवर जुना लोगोही येऊ शकतो, त्यामुळे लोगोवरून ना वय कळतं ना माप.

सेल्ले इटालियाची टर्बो आणि सान मार्कोची रोल्स, रीगल या जुन्या सीट पुन्हा मिळतायत. जुन्यासारख्याच आहेत का? की नावच तेवढं?

आकार जवळजवळ तोच, आणि सीटमध्ये आकार हीच मुख्य गोष्ट. टर्बो १९८० साली आली, फ्रेंच रेसर बर्नार्ड इनो ती वापरायचा, नवीन आवृत्तीच्या नावातच "१९८०" आहे. तशीच फ्लाइट, मूळ १९९० ची, तीही परत आलीय. रीगलच्या मागच्या बाजूचे ते मोठे रिव्हेट नव्यातही आहेत आणि खरं सांगू, ते बघूनच मन भरतं.

सीटच्या बाबतीत मी रीइश्यूच्या पूर्ण बाजूने आहे. जुन्या सीटमधला फोम दाबलात की परत वर येत नाही किंवा चुरा होतो, चामड्याचा गोंद कडेने सुटतो, आणि खालचा प्लास्टिकचा साचा रेल (सीटखालच्या दोन धातूच्या दांड्या) जिथे घुसतात तिथे तडकतो. "न वापरलेली, डब्यातली" म्हणून जुनी सीट विकतात तीही आतून तितकीच म्हातारी असते, डब्यात ठेवल्याने फोमचं वय थांबत नाही. घेताना एवढंच बघा की रेल गोल आणि ७ मिमीचे आहेत, म्हणजे जुन्या सीटपोस्टच्या क्लॅम्पमध्ये निमूट बसतील.

ब्रेक लिव्हरवरचे रबर हाताला चिकटतात, तपकिरी डाग पडतात. साफ करून चालतील?

नाही. नैसर्गिक रबर एकदा चिकट झालं की ते विरघळायला लागलंय, परतीचा रस्ता नाही. कॅम्पान्योलो या इटालियन पार्ट कंपनीच्या जुन्या लिव्हरचे नवे बनवलेले रबर मिळतात, फक्त तुमच्या लिव्हरची केबल वरून बाहेर येते की टेपखालून जाते ते आधी बघा, रबराचा आकार त्यावर ठरतो. चढवताना तेल, ग्रीस अजिबात नको, त्याने नवं रबरही सडेल. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सरकवा, सरकतंही आणि नंतर उडून जातं.

गियर आणि क्रँकचं काय? कॅम्पान्योलोचं ओरिजिनल नुओव्हो रेकॉर्ड शोधू की जुन्या स्टाइलचं नवं काहीतरी लावू?

डिरेलर, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा पार्ट, ओरिजिनलच शोधा, इथे माझं मत पक्कं आहे. नुओव्हो रेकॉर्ड १९६७ ची, आणि ती आजही चालते कारण तिच्यात साध्या पिन, स्प्रिंग आणि दोन पुली, सगळं उघडता येतं, धुता येतं, पुली झिजल्या तर बदलता येतात. बऱ्याच पीसवर "पेटंट" पुढे दोन आकडे कोरलेले असतात, ७४ असेल तर १९७४ चा माल, सायकलच्या सालाशी जुळतो का ते तिथेच कळतं. चाकाच्या मधल्या हबचंही तसंच. छर्रे आणि ग्रीस बदला (पुढे ७/३२ इंच, मागे १/४), छर्रे ज्यावर फिरतात ते कोन खड्डे पडलेले नसतील तर चाक हवेत सोडल्यावर किती वेळ फिरत राहतं ते बघाच एकदा, मी तर नुसता बसून बघत राहतो.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, मात्र जुना असला तरी वजन झेलणारा पार्ट, म्हणून तो विकत घेण्याआधी नीट तपासायचा. दांडा आणि पाच बोटांचा पंजा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तडा जातो, ही नुओव्हो रेकॉर्ड क्रँकची सगळ्यांना माहीत असलेली दुखरी जागा. घाण पूर्ण पुसून, रॉकेलने धुऊन बघा, कारण काळ्या मळाखाली तडा लपतो. तडा दिसला तर शोकेसमध्ये ठेवा, रस्त्यावर नको. सध्याच्या जुन्या धाटणीच्या क्रँकमध्ये चांगले पर्याय आहेत, पण चौकोनी ॲक्सलचं माप बघा, कॅम्पान्योलोचा क्रँक जपानी मापाच्या ॲक्सलवर साधारण ४ ते ५ मिमी बाहेरच राहतो आणि मग चेनलाइन, म्हणजे पुढच्या-मागच्या चक्रांमधली चेनची सरळ रेघ, बिघडते.

फ्रेमचे आटेही बघून घ्या. इटालियन बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो तो भाग) ३६ मिमी, त्याची नळी म्हणजे शेल ७० मिमी रुंद, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे, त्यामुळे उजवीकडचा कप पेडल मारता मारता आपोआप सैल होतो. तो भरपूर जोर लावून घट्ट करा. इंग्लिश मापाचा कप इथे चालत नाही, तो व्यासाने लहान असतो आणि आट्यांत पकडच घेत नाही.

एरोइकाला जायचं स्वप्न आहे. नवे पार्ट लावले तर चालतं का?

१९९७ साली इटलीतल्या गायोले इन कियांतीमध्ये ९२ जणांनी सुरू झालेली ती राइड, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची. मूळ अट १९८७ किंवा आधीची रोड सायकल, गियरचे लिव्हर खालच्या नळीवर, ब्रेकची वायर हँडलच्या बाहेरून, पेडलला टो-क्लिप (पाय अडकवायचे पिंजरे) आणि पट्टे. म्हणजे रचना जुनी हवी, त्यामुळे रीइश्यू सीट किंवा हँडलने ती बिघडत नाही, टेपखालून वायर नेणारे लिव्हर लावलेत तर बिघडते. जायच्या वर्षीचे नियम एकदा वाचून घ्या, आणि टो-क्लिपचा सराव आधी घरीच करा, थांबण्याआधी पट्टा सैल करायची सवय लागायला आठवडाभर तरी जातो.