लीड्सचं घर आणि खिडकीतले काळे ठिपके

ताई, इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याने घ्यायच्या फ्लॅटच्या व्हिडिओत बेडरूमच्या खिडकीपाशी काळे ठिपके दिसले आणि एजंट ‘पुसलं की जातं’ म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या लेकाला बालदमा आहे, म्हणून स्पष्ट सांगते: ती बुरशी आहे, तिने दमा उसळतो. कारण कळेपर्यंत भाडेकरारावर सही करू नका.

मी आठ वर्षं लीड्सला आहे, सध्या पुण्यात कर्वेनगरला आईकडे आलेय. इथे ओल म्हणजे गच्चीतून किंवा पश्चिमेच्या भिंतीतून झिरपलेला पाऊस. पोपडे धरतात, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं. तिकडे बरीचशी ओल घरातच तयार होते. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची अंघोळ, रात्रभराचे श्वास, आत वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ बंद घरात कोंडते. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली, तर साधारण 12 अंशांच्या गार काचेवर किंवा भिंतीवर तिचं पाणी होतं. जानेवारीत कपाटामागची बाहेरची भिंत सहज तेवढी गार पडते. पुण्यातही डिसेंबरच्या पहाटे गारठा असतो, पण हवा कोरडी आणि खिडक्या उघड्या, त्यामुळे आपल्याला याची सवयच नसते.

पहिल्या हिवाळ्यात बिलाच्या धास्तीने मी खोली गरम करणारा रेडिएटर रात्री तासभरच लावायचे, गार वारा येतो म्हणून खिडकीच्या वरच्या बारीक झडपा टेपने बंद केल्या होत्या आणि कपडे बेडरूममध्येच वाळवायचे. फेब्रुवारीत कपाट पुढे ओढलं तर आईने दिलेल्या शालीवर हिरवट बुरशी. घरमालकाने सगळा दोष माझ्यावर टाकला. बाथरूमचा पंखा आवाज करत होता, पण हवा ओढतच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून पुढच्या व्हिडिओ कॉलवर एजंटला चालू पंख्यावर टिश्यू पेपर धरायला सांगा. चिकटून राहिला तर पंखा ठीक. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र (ईपीसी) मागा, त्यात ‘ए’ ते ‘जी’ असे दर्जे असतात, ‘ए’ सगळ्यात चांगला. इंग्लंडमध्ये ‘ई’पेक्षा खालच्या दर्जाचं घर, काही अपवाद सोडले तर, भाड्याने देता येत नाही. जमिनीपासून वर चढलेली ओलीची रेघ, किंवा पावसानंतर मोठा होणारा डाग दिसला तर ती बांधकामाची ओल. तिची दुरुस्ती मालकाची.

राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ईमेल करा. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. तक्रार नेहमी लेखी करा. दाद लागली नाही तर कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, पर्यावरण आरोग्य विभागाकडे जा. घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी 2018 च्या कायद्याने मालकावर आहे.

हीटिंग कमी पण सलग ठेवा. स्वयंपाक करताना दार लावून पंखा चालू, आणि नंतरही पंधरा मिनिटं राहू द्या. पलंग, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर. सकाळी काचेवरचं पाणी पुसून फडकं बाहेर पिळा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र पहिल्या आठवड्यातच घ्या. आकडा सतत 60 च्या वर राहिला तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, घ्या, आणि कपडे त्याच खोलीत दार लावून वाळवा. बुरशी कोरडी घासू नका, कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा, तेव्हा लेकाला दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

एजंटला पाठवायचा ईमेल लिहून झाला की मला दाखवा. कॉल संध्याकाळी असेल तर मीही तुमच्यासोबत बसेन.