दोघांची बोट, एकाचा पहारा

प्रिय लेकी,

तुम्हा दोघांचा बेत वाचला. मार्चअखेर गालापागोसहून निघायचं, मग फ्रेंच पॉलिनेशियातली बेटं: मार्केसस, मग तुआमोटू, शेवटी ताहिती. वेळ बरोबर धरली आहे. दक्षिण प्रशांतात चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल मानतात, पण मार्केससपर्यंत ती क्वचितच पोचतात. तुआमोटूत मात्र मे उजाडल्याशिवाय उतरू नका.

माझं अडतंय ते तुझ्या यादीतल्या ‘माणसं: दोन’ या ओळीपाशी. दोघांच्या बोटीवर एक जण बहुतेक वेळ झोपलेला असतो, म्हणजे बोट एकट्याच्या हातात असते. प्रत्येक वस्तू घेताना एकच विचार: रात्री तीन वाजता, नवऱ्याला न उठवता, हे मला एकटीला जमेल का? मोठं शीड आखडायला डोलकाठीपाशी जावं लागत असेल, तर ते दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणून घ्या. तरीही कधी पुढे जावंच लागलं, तर आधी त्याला उठवायचं, हार्नेसचा पट्टा अडकवायचा, मगच पाय बाहेर टाकायचा. हा नियम शांत समुद्रातही मोडू नका.

मार्केससपर्यंतचं अंतर सुमारे ३,००० सागरी मैल. तुमची अडतीस फुटी बोट व्यापारी वाऱ्यांत दिवसाला १२५ ते १४० मैल जाईल, म्हणजे बावीस ते चोवीस दिवस. इतके दिवस सुकाणू हाताने धरणं दोघांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून विंडव्हेन, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारं यंत्र, मुख्य आणि इलेक्ट्रिक ऑटोपायलट राखीव, असं ठेवा. विंडव्हेनला वीज लागत नाही आणि वारा वाढला की त्याचा जोरही वाढतो. ऑटोपायलट नेमका तेव्हाच बॅटरी पितो. विंडव्हेनचे सुकाणूकडे जाणारे दोर झिजतात, त्यांचे दोन जोड जादा घ्या.

झिजेचं तेवढं मनावर घे. वारा मागून, बोट रात्रंदिवस डुलते आणि प्रत्येक दोर एकाच जागी घासत राहतो. शीड वर ओढणारा हॅल्यार्ड रोज थोडा सैल-घट्ट करून घासण्याची जागा बदलायची. सकाळी डेकवर फेरी मारायची, दुर्बिणीने डोलकाठीचा शेंडा बघायचा. डेकवर एखादी पिन किंवा नट सापडला, तर तो कुठून पडला हे कळेपर्यंत दुसरं काम नाही. संध्याकाळी उजेड असतानाच शीड कमी करायचं, कारण रात्रीचा पावसाळी झपाटा १५ नॉटचा (ताशी १५ सागरी मैल) वारा काही मिनिटांत ३० वर नेतो आणि तेव्हा पहाऱ्यावर एकच माणूस असतो.

पाणी: पिण्या-रांधण्याला माणशी रोज ४ लिटर, दोघांना ३० दिवसांचे २४० लिटर. समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर आहे म्हणून यातला एक लिटरही कमी करू नका. दोन वेगळ्या टाक्यांत भरा आणि वर ४० लिटर कॅनमध्ये ठेवा. तिसऱ्या आठवड्यात ताजी भाजी उरत नाही, तेव्हा मोडाची मटकी आणि मूग कामाला येतात. पण गालापागोसला बियाण्यांची तपासणी कडक असते, काय चालेल ते एजंटला आधी विचारा.

किनाऱ्याजवळ पाण्यात वाट दाखवणाऱ्या खुणांबद्दल एक. बंदरात शिरताना पनामात आणि गालापागोसला लाल खूण उजव्या हाताला ठेवतात. फ्रेंच पॉलिनेशियात ती डावीकडे, म्हणजे मुंबईत शिकलीस तशीच. लगूनच्या, म्हणजे प्रवाळकड्याने वेढलेल्या पाण्याच्या, आतल्या वाटेवर लाल खुणा बेटाच्या बाजूला, हिरव्या बाहेरच्या प्रवाळकड्याच्या बाजूला.

आता तुआमोटू. मार्केसस उंच ज्वालामुखीची बेटं, दुरून दिसतात. तुआमोटू म्हणजे पाण्याबरोबरची प्रवाळाची कंकणं. माडांचे शेंडे दिसू लागतात तेव्हा बेट आठ-दहा मैलांवर आलेलं असतं. आत जायची वाट म्हणजे कड्यातली फट, पास. दक्षिणेची लाट सखल कड्यावरून लगूनमध्ये सतत पाणी ओतते आणि ते सगळं याच फटीतून बाहेर पडतं. म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यातली पाणी थांबायची वेळ इथे पुढे सरकते. मोठ्या लाटेचे चार-पाच दिवस गेले असतील, तर प्रवाह जवळजवळ दिवसभर बाहेरच धावतो, कधी ६ नॉटहून जोरात. तुमचं इंजिन तेवढंच पळतं. वारा प्रवाहाच्या उलट असला, तर तोंडाशी उभ्या लाटा दिसतील. पांढरं दिसलं की बाहेर थांबा, दोन तास, हवं तर दुसरा दिवस. शिरताना इंजिन गरम, नांगर मोकळा, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी. एकाने पोलराइज्ड चष्मा लावून बोटीच्या टोकाला उभं राहायचं: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ. बेटापाशी रात्री पोचणार असं दिसलं, तर आदल्या दिवशीच वेग कमी करा.

आतल्या तळाशी वाळू असते आणि मधेच प्रवाळाचे ढिगारे. वारा फिरला की नांगराची साखळी त्यांना वेढे घालते, आखूड होते, मग लाटेवर बोट उसळली की झटका थेट बोटीला बसतो. उपाय सोपा: खोलीपेक्षा थोडी जास्त साखळी सोडल्यावर पहिला फुगा बांधायचा, पुढे दर पाचेक मीटरवर एक, म्हणजे साखळी तळापासून वर तरंगते. मोत्यांच्या शेतीतले वाहून आलेले फुगे तिथल्या किनाऱ्यावर मिळतात. साखळीवर दहा मीटरचा नायलॉन दोर झटका शोषायला हवाच. नंतर बुडी मारून नांगर स्वतः बघायचा.

प्रवाळाने कापलं की लगेच साबणाने घासून धुवायचं, जखम चिघळते. कड्याजवळचा मासा गावच्या माणसाला विचारल्याशिवाय शिजवायचा नाही. प्रवाळाजवळच्या माशांत साठणारं सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही, वासही येत नाही, आणि ज्या लगूनमध्ये एक मासा बरा तोच शेजारच्या लगूनमध्ये बाधतो.

भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागतो. युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालेलच असं धरू नका, व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

निघण्याआधी नांगरावर असताना एक सराव करा. नवरा पाण्यात उतरेल आणि अंग ढिलं सोडेल. तू हॅल्यार्ड, कप्पी आणि विंच (दोर ओढायचं फिरतं यंत्र) वापरून त्याला एकटीने डेकवर घ्यायचं. मग तू पाण्यात, तो वर. त्यानंतर कामं बदला: आठवडाभर इंजिनाचे फिल्टर तू बदलायचे, शीड त्याने आखडायचं. वीस मिनिटांत त्याला वर काढता आलं नाही, तर कप्पी कुठे अडली ते नक्की लिही.

तुझी,
मावशी