वर्ष गेलं, पण मार्क गेलेत का?

प्रश्न: मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आजारपणात कॉलेज सुटलं. आता परत जायचंय तर ऑफिसात म्हणतात नावच रोलवर नाहीये, बोनाफाईड मिळणार नाही. पहिल्या वर्षाचे मार्क पण गेले का?
– एक आई, धायरी

उत्तर: ताई, आधी घाबरणं बंद करा. रोलवरून नाव जाणं वेगळं आणि निकालाचं रेकॉर्ड वेगळं. बोनाफाईड फक्त चालू विद्यार्थ्याला मिळतं म्हणून ते नाही म्हणाले, पण दिलेल्या परीक्षेचे मार्क नाव कमी झालं म्हणून पुसले जात नाहीत, ते विद्यापीठाकडे पीआरएन नंबरवर, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावर असतात. त्यामुळे जुन्या मार्कशीटवरचा पीआरएन आधी शोधा, तो हातात असला की निम्मं काम झालं.

मग डिजीलॉकरमध्ये तिचं एबीसी (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं उघडून बघा, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा दिसतात का. २०२१ च्या यूजीसी नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त सात वर्षं चालतात, आणि ते कॉलेज-विद्यापीठच भरतं, आपल्याला भरता येत नाही, म्हणजे दिसले नाहीत तर मागे त्यांच्याच लागायचं. बऱ्याचदा आधारवर नाव एक आणि मार्कशीटवर आईचं नाव, आडनाव पुढेमागे असतं, तिथेच गाडं अडतं.

प्राचार्यांच्या नावाने री-अॅडमिशनचा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे कागद, आणि आपल्या कॉपीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी उत्तराला काही अर्थ नसतो! आणि कोणी कितीही सांगितलं तरी अर्जाचा निकाल लागेपर्यंत एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढू नका.