जावातल्या सासरी राहायला येणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान बोयोलालीचे. दोघं सिंगापूरची नोकरी सोडून त्यांच्या गावी कायमचं राहायला येणार, साठवलेल्या पैशातून थोडी भातजमीन घेऊन घर बांधणार आणि सगळं दोघांच्या नावावर करणार, असा बेत आहे. गावात दिवस कसे जातील आणि नाशिकला आईकडे येणं-जाणं कितपत जमेल, हेही विचारलंय. मी कऱ्हाडची, अकरा वर्षांपासून शेजारच्या क्लातेन जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

जमीन दोघांच्या नावावर होणार नाही. इथल्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरली जाते, आणि सामाईक म्हटली की तिच्यात परदेशी माणसाचा हिस्सा आला. म्हणून दोघांत मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल, तर तुमच्या यजमानांनासुद्धा स्वतःच्या देशात मालकीची जमीन घेताना अडवलं जातं. या कराराला ‘पर्जांजियान काविन’ म्हणतात. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. ऑक्टोबर 2016 मध्ये इथल्या घटना न्यायालयाचा निकाल आला, तेव्हापासून लग्नानंतरही करता येतो. तुमचा झालेला नसेल तर जमीन बघायला जाण्याआधी नोटरीकडे जा.

पण सही करण्यापूर्वी तिचा अर्थ नीट समजून घ्या. पैसे दोघांचे असले तरी कागदावर जमीन एकट्या त्यांची होते. माझा हात त्या टेबलावर बराच वेळ थांबला होता. नवऱ्यावर विश्वास नव्हता असं नाही. आईनं माझ्या नावावर ठेवलेली ठेव मोडून मी ते पैसे आणले होते, आणि ते कुठेच माझ्या नावानं दिसणार नव्हते. शेवटी आम्ही असं केलं: जमीन त्यांच्या नावावर, आणि त्यांच्याकडून ती मला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं, नोटरीसमोर करार करून. याखेरीज ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घेता येतो. 2021 च्या नियमांत त्याची मुदत 30 वर्षं, वाढवून 20 आणि नूतनीकरणानं आणखी 30 अशी आहे. मात्र परदेशी माणसाच्या नावावरच्या घराला किमान किमतीची अट असते, आणि खेड्यातलं साधं घर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. कुणी ‘माझ्या नावावर घे, आपण आतून कागद करू’ म्हणालं तर ऐकू नका. असा व्यवहार कायद्यानं रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, अवघड असली तरी आत्ताच बोलून घ्या. यजमानांच्या माघारी मालकीची जमीन वारशानं तुमच्याकडे आली, तर एका वर्षाच्या आत ती सोडावी लागते. मुलं इंडोनेशियन नागरिक असली तर ती ठेवू शकतात. यजमानांचा धर्म कोणता, त्यावर वारशाचं प्रकरण धार्मिक न्यायालयात जाणार की दिवाणी, हे ठरतं. तेही त्याच बैठकीत विचारा.

भातजमिनीला, म्हणजे ‘सावा’ला, वेगळा नियम आहे. शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात, ‘कचामातान’मध्ये, राहणारा हवा. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन मिळत नाही, तसंच हे. यजमानांच्या ओळखपत्रावर दुसरीकडचा पत्ता असेल तर तो आधी गावी आणावा लागेल.

कागद बघताना सातबाऱ्याची सवय बाजूला ठेवा. गावच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाचं जुनं बाड असतं आणि लोक त्यातला उतारा अगदी मालकीहक्क असल्यासारखा दाखवतात. तो कराचा कागद आहे. आमचा पहिला प्लॉट आम्ही त्यावरच ठरवला, इसारही दिला. मग आजोबांच्या नावाखाली तीन चुलत घरं निघाली, त्यातलं एक सुमात्रात. दीड वर्ष गेलं, इसाराचे निम्मेच पैसे परत आले. आता मी सगळ्यांना एकच सांगते: भूमी कार्यालयाचं ‘सर्टिफिकात’ नसेल तर हात लावू नका. कोपऱ्यावरचे दगड शेजाऱ्यांना उभं करून मोजून घ्या. खरेदीखत ‘पेपेआते’ या अधिकृत दस्त अधिकाऱ्यासमोर होतं. घेणाऱ्याला 5 टक्के आणि विकणाऱ्याला 2.5 टक्के कर असतो. किमतीतून सरकारनं ठरवलेली रक्कम वजा करून तुमचे 5 टक्के काढतात. ‘बेंकोक’ जमीन कुणी देऊ केली तर नाही म्हणा. ती गावच्या पदाधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली असते, आपल्या पाटलांच्या वतनासारखी. आपल्याकडे वतनं गेली, इथे ही अजून चालू आहे, आणि ती गावाची असते.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष काहीच घेऊ नका. सासूबाईंच्या घरात राहा.

त्या वर्षात करण्यासारखं खूप आहे. कुणाकडे लग्न किंवा मयत असेल तर बायका ‘रेवांग’ला जातात, म्हणजे त्या घरी जाऊन भाज्या चिरायच्या, नारळ खवायचे, भात शिजवायचा. आमंत्रणाची वाट बघायची नसते. मी पहिल्या वेळी घरीच बसले, कुणी बोलावलं नाही म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या खेपेला पहाटे सुरी घेऊन गेले आणि शेवग्याएवढ्या लांब वालीच्या शेंगा चिरत बसले. भाषा येत नव्हती, तरी त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायला लागले. घराबाहेर टांगलेल्या डब्यात रोज चिमूटभर तांदूळ ठेवायचे असतात. रात्रीच्या गस्तीवरचे पुरुष ते गोळा करतात, त्याला ‘जिंपितान’ म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी नाणी ठेवतात. रक्कम नगण्य असते, पण रिकामा डबा सगळ्यांच्या लक्षात येतो.

जावानीज भाषा दोन पातळ्यांवर शिकावी लागेल. बरोबरीच्यांशी ‘न्गोको’, वडीलधाऱ्यांशी ‘क्रोमो’. सासऱ्यांशी न्गोकोत बोललात तर ते हसून सोडून देतील, पण तुम्ही हसू नका, शिका. दारात ‘कुलो नुवुन’, कुणासमोरून जाताना थोडं वाकून ‘नुवुन सेवु’. आणि ‘ङ्गिह’ म्हणजे हो, पण प्रत्येक हो होकार नसतो. गवंड्यानं सोमवारचं ‘ङ्गिह’ दिलं तर रविवारी संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जाऊन या.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर भाजीत काय आहे यापेक्षा ‘तेरासी’ आहे का ते विचारा. ती कोळंबीची आंबवलेली पेस्ट चटणीत, आमटीत, सगळीकडे असते. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांचं ‘पचल’, यांवर छान भागतं. हळद, धने, चिंच, नारळ, गूळ सगळं मिळतं. तूरडाळ आणि गव्हाची कणीक मात्र मोठ्या शहरातून मागवावी लागते. मी मुगाच्या पुरणाची पोळी करते आणि ती आता आमच्या गल्लीत मागितली जाते. तुमच्या बोयोलालीत दुभती जनावरं घरोघर आहेत, दह्याचं सुख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. बाजार बघताना पाच दिवसांचा जावानीज आठवडा पाठ करा: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. सुरो महिन्यात लग्नं होत नाहीत, आपल्या पितृपक्षासारखंच.

रात्रभर चालणारा चामड्याच्या बाहुल्यांचा ‘वायांग’ एकदा तरी पूर्ण बघा. भीम, अर्जुन ओळखू येतील. पण इथली द्रौपदी एकट्या धर्मराजाची बायको आहे. पाच नवऱ्यांची गोष्ट मी सांगितली तेव्हा आमच्या म्हाताऱ्या शेजारीणबाई कितीतरी वेळ गप्प होत्या.

घर कुठे बांधायचं ते मेरापी ज्वालामुखीकडे बघून ठरवा. 2010 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. धोक्याचे पट्टे सरकारी नकाशावर आखलेले आहेत. वरच्या उतारावर जमीन स्वस्त असते, त्याचं कारण त्या नकाशात सापडतं. डोंगरावरून येणाऱ्या नद्यांचे काठही टाळा, पावसात राखेचा चिखल त्यांतूनच उतरतो. आणि 27 मे 2006 च्या पहाटेचा भूकंप आमच्या गावात अजून काल झाल्यासारखा सांगतात. 5,700 हून जास्त लोक गेले, बरेचसे नुसत्या विटांच्या भिंतींखाली. खांब आणि वरची तुळई लोखंडी गजांसह काँक्रीटची करा, फरशीत पैसे वाचवा.

आता नाशिक. मुंबई-जकार्ता थेट विमान इंडिगोनं 2023 मध्ये सुरू केलं. तिकीट काढताना ते चालू आहे ना, बघा. नाहीतर सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे यायचं. जकार्ताहून सोलोपर्यंत रेल्वे उत्तम आहे, पुढे बोयोलाली गाडीनं. रमजान ईदच्या आसपास येणं-जाणं ठरवू नका. तेव्हा अख्खं जकार्ता गावी निघतं आणि रेल्वेची तिकिटं महिना-दीड महिना आधीच संपतात. गाडी डाव्या बाजूनंच चालते. स्कूटर शिकून घ्या, खेड्यात तिच्याशिवाय बाईमाणूस घरात अडकतं. वेळ भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे आईशी रोज बोलता येतं. आई इथे आली की 24 तासांच्या आत वाडीच्या प्रमुखाला, ‘पाक एर्ते’ला, कळवायचं. आधीच कळवलंत तर तिच्यासाठी केळी घेऊन येतील.

सिंगापूर सोडण्यापूर्वी जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल करून घ्या, म्हणजे दाखला ज्या देशाचा, तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का. इंडोनेशिया 2022 पासून ते मानतो, म्हणून वकिलातीच्या फेऱ्या वाचतात. इथे आल्यावर शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंडोनेशियन प्रत करून घ्यायची. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरानं अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्या दाखल्यात वडिलांचं नाव नव्हतं, पासपोर्टवर होतं, आणि तेवढ्यासाठी मला एकदा कऱ्हाडला जाऊन यावं लागलं.