वैशाखात लग्न, हनुवटीवर केस

प्रश्न : मी 26 वर्षांची, रंगाने सावळी. हनुवटीवर जाड काळे केस येतात, दर दहा दिवसांनी थ्रेडिंग करावं लागतं. वैशाखात लग्न आहे. दिवाळीत पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, 'सहा सिटिंगचं लेझर घे, केस कायमचे जातील.' पण त्याच मशीनने माझ्या मैत्रिणीच्या गालावर तपकिरी पट्टे उठले. प्रकाशाने त्वचा भाजते कशी? कॅन्सरची भीती असते का? आईच्या गालांवर वांग आहेत, तिनेही बरोबरच करून घ्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे पट्टे मीही एकदा उठवले आहेत. दवाखान्यात मशीन नवं होतं. पेशंट गावची जत्रा करून आली होती आणि उन्हाने रापलेल्या त्या चेहऱ्याला मी जत्रेआधीचंच सेटिंग लावलं. दुसऱ्या दिवशी गालावर मशीनच्या काचेच्या मापाचे चौकोन, विटा रचल्यासारखे. जायला चार महिने लागले. तेव्हापासून आलेल्या प्रत्येकीला माझा पहिला प्रश्न, 'उन्हात कुठे गेली होतीस?'

हा प्रकाश केस ओळखत नाही, काळा रंग ओळखतो. उन्हात काळी छत्री तापते तसा केस तापतो, ती उष्णता मुळाला अधू करते. पण केसाला काळा करणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेतही असतंच. सावळ्या त्वचेत प्रकाश वरच्यावर अडतो आणि मुळाऐवजी तीच भाजते.

मग सावळ्या मुलींनी करायचंच नाही? करायचं की. तव्यावरून उतरलेला फुलका पटकन गार होतो, जाड भाकरी वेळ घेते. त्वचेचा वरचा थर म्हणजे फुलका, केसाचं मूळ म्हणजे भाकरी. प्रकाशाचा झोत थोडे मिलिसेकंद लांबवला की त्वचा तेवढ्यात उष्णता सोडून देते, मूळ तापतच राहतं. अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी 1983 साली हे वेळेचं गणित मांडलं, त्यावरच आमची सगळी मशीनं चालतात.

दुसरा भाग तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचा. ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. 755 नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरला मेलॅनिन फार पटकन टिपतं, म्हणून ते गोऱ्या रंगाला छान. 1064 चं एनडी-याग खोल जातं आणि वाटेत त्वचेत कमी अडकतं, तुमच्यासाठी तेच. जपून वापरलं तर 810 च्या आसपासचं डायोडही चालेल. पार्लरमध्ये ज्याला 'लेझर' म्हणतात ते बऱ्याचदा आयपीएल असतं. म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा दिवा, साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरच्या लहरींची खिचडी आणि पुढे गाळणी. तुमच्या रंगाला मी ते लावणार नाही. पैसे भरण्याआधी मशीनचं नाव विचारा आणि जबड्याखाली छोटी टेस्ट करून घ्या. सांगायला का-कू करतील तर उठून या.

कॅन्सरची काळजी सोडा. या झोतात अतिनील किरण नसतात आणि क्ष-किरणांशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच.

'कायमचे' या शब्दावर विश्वास ठेवू नका. केस कमी होतात, बारीक होतात, अधूनमधून एखादं सिटिंग पुढेही लागतं. एका वेळी वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसांवरच परिणाम होतो, म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांचं अंतर. आत्ता सुरू केलंत तर वैशाखापर्यंत जमेल. शेवटचं सिटिंग हळदीच्या तीन आठवडे आधी उरका. मधल्या काळात थ्रेडिंग बंद. मूळच उपटलं तर तापवायचं काय? रेझर चालतो, त्याने केस राठ होत नाहीत. गालावरच्या बारीक लवेला मात्र कुणाला हात लावू देऊ नका, अर्धवट उष्णतेने ती उलट जाड होऊ शकते.

पाळी नियमित येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पीसीओडी (हार्मोन्स बिघडवणारा अंडाशयाचा विकार) असेल तर आम्ही इकडून केस जाळत राहणार आणि हार्मोन्स तिकडून नवे पाठवत राहणार.

आईंचं वेगळं. वांगाला उष्णता सोसत नाही, फिका झालेला डाग महिन्याभरात आधीपेक्षा गडद होऊन परत येतो. त्यांना रोज सकाळी सनस्क्रीन लावायला सांगा. आणि हनुवटीवर पांढरे केस असतील तर त्यांना आपला दोराच बरा, पांढऱ्या केसात प्रकाशाला धरायला काही नसतं.